25 पट, कोल्हापूर आणि तुमचे दीड कोटी

दादा, तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं, नोकरी लवकर सोडायची तर वर्षाच्या खर्चाच्या 35 पट पैसे साठवा असं सांगून मी लोकांना उगाच घाबरवतोय, सगळे 25 पटच सांगतात, आणि कोल्हापुरात स्वतःचं घर असलं की महिना 50 हजारात झकास भागतं, म्हणजे वर्षाला 6 लाख, गुणिले 25, दीड कोटी झाले की पंचेचाळिशीत नोकरीला रामराम. एफडीला 7 टक्के धरले तरी महिना 87 हजार व्याज, मग अडचण कुठाय?

आधी ते 25 पट आलं कुठनं ते बघा. 1994 ला विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकन सल्लागारानं तिथल्याच शेअर आणि बाँडचे जुने आकडे घेऊन हिशोब मांडला, की साठवलेल्या पैशातले पहिल्या वर्षी 4 टक्के काढा (म्हणजेच साठा वर्षाच्या खर्चाच्या 25 पट), पुढं महागाईप्रमाणं वाढवत जा, पैसे 30 वर्षं टिकतात. साठी-पासष्टीला थांबणाऱ्याला ते ठीक आहे. तुम्हाला 40 वर्षं काढायचीत, तीपण एफडीवर.

आता तुमचाच आकडा. महागाई 6 टक्के धरली तर 50 हजाराचा खर्च 12 वर्षांत लाखावर जातो, व्याज मात्र 87 हजारावरच. सुरवातीला उरलेलं व्याज परत एफडीत टाकलं, टॅक्स अजिबात धरला नाही, तरी दीड कोटी साधारण 28-29 वर्षांत संपतात. म्हणजे तुम्ही त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरचे. मग काय? महागाईच्या वर 1 टक्काच मिळणार असेल तर 40 वर्षांना 33 पट लागतात, मी 35 म्हटलं ते थोडा हात राखून. वर 3 टक्के मिळाले तर 25 मध्ये भागतं हे मान्य, पण त्यासाठी बरेच पैसे शेअरमध्ये ठेवावे लागतात, आणि 2008 ला जानेवारीत 21 हजारावर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात 9 हजाराच्या खाली आला होता. नोकरी सोडल्या सोडल्या असं वर्ष आलं तर पडलेल्या भावात विकून घरखर्च चालवायला लागतो, ते नुकसान नंतर भरून निघणं लई अवघड.

कोल्हापूर स्वस्त हाय, खरंय, पण ते भाजी, दूध, रिक्षापुरतं. (मटणाचं नाव काढू नका, 2019 ला दरावरनं आंदोलन झालंय इथं.) अँजिओप्लास्टीचं बिल आलं की गाव स्वस्त का महाग ते कुणी बघत नाही. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो, आणि नवीन पॉलिसीत बीपी-शुगरसारख्या जुन्या आजाराला 3 वर्षांपर्यंत थांबायला लागू शकतं, म्हणून ती राजीनाम्याआधीच काढून ठेवा. सिनियर सिटिझन स्कीमच्या (ज्येष्ठांसाठीची सरकारी बचत योजना) भरवशावर पण राहू नका, ती साधारणपणे साठीनंतरच.

आता गंमत बघा. शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय, राजारामपुरीतल्या गाळ्याचं 15 हजार भाडं येतं, आणि हिशोबात ते धरलंच नाही! 50 मधनं 15 गेले, राहिले 35 हजार, वर्षाला 4 लाख 20 हजार, त्याच्या 35 पट म्हणजे 1 कोटी 47 लाख. तुमचे दीड कोटी माझ्या हिशोबानं पण बसतात की. फक्त भाडं महागाईएवढं वाढत राह्यलं पाहिजे आणि गाळा रिकामा पडायला नको, तेव्हा पुढच्या करारात दरवर्षीची वाढ लिहून घ्या आणि वर्षभराचा खर्च वेगळा काढून ठेवा.