पिल्लाला पॅरासिटामॉल देऊ नका, तो मेसेज आधी डिलीट करा

परवा रात्री साडेदहाला भाचीचा फोन, "मावशी, पाव गोळी पाण्यातून देऊ की मधातून?" सिंहगड रोडला त्यांच्या पार्किंगमध्ये पावसात भिजत बसलेलं पिल्लू तिने वर आणलंय, डोळे चिकटलेले, नाक गळतंय, अंग तापलेलं. ओट्यावर डब्याच्या झाकणात पॅरासिटामॉलची पाव गोळी तोडून तयार. कारण फॅमिली ग्रुपवरचा तो मेसेज, "मांजराचं पिल्लू घरी आणताय? सावधान!" त्यात लिहिलंय की बाळाला चालतं ते पिल्लाला चालतं, ताप आला तर पाव गोळी द्या.

अहो, त्याने पिल्लू मरतं! मांजराच्या लिव्हरला हे औषध नीट पचवून बाहेर टाकताच येत नाही, ते साचतं, मग रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहू शकत नाही, हिरड्या चॉकलेटी नाहीतर निळसर पडतात, तोंड-पंजे सुजतात, धाप लागते. किलोमागे 10 मिलिग्रॅमनेसुद्धा विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. भाचीने पिल्लू किचनच्या काट्यावर ठेवलं तर जेमतेम 500 ग्रॅम भरलं, आणि 500 च्या गोळीचा पाव भाग म्हणजे 125 मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे 250! कुणी आधीच दिली असेल तर लक्षणं दिसायची वाट बघू नका, लगेच व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे पळा, यावर उतारा आहे पण तो वेळेत मिळायला हवा.

पिसवांसाठी फिनाईलच्या पाण्याने आंघोळ, हाही त्यातलाच प्रकार. मांजर अंग चाटतं, त्यामुळे ते सगळं पोटात जातं. कुत्र्याची पिसवांची पावडर पण नको, त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजराला झटके येतात.

आता गरोदर बाईचा मुद्दा. मेसेज म्हणतो घरात दिवस गेले की मांजर लांब नेऊन सोडा. असं वाचून लोक खरंच पाळलेलं मांजर पोत्यात घालून कुठेतरी सोडून येतात, मला फार राग येतो याचा. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने स्पष्ट लिहिलंय की मांजर काढून टाकायची गरज नाही, ज्याची भीती असते तो टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग कच्च्या-अर्धवट शिजलेल्या मांसातून आणि मातीतूनही होतो. मांजराच्या शीतून पडलेले त्याचे जंतू संसर्ग करण्याजोगे व्हायला 1 ते 5 दिवस लागतात, म्हणून लिटर ट्रे, म्हणजे मांजराच्या शी-शूचा ट्रे, रोज साफ करायचा आणि तो घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करायचा. पण एक गोष्ट मान्य करावी लागेल, गरोदरपणात नवीन मांजर आणू नका, रस्त्यावरच्या पिल्लांना हात लावू नका, हेही सीडीसीच सांगते. तेवढ्यापुरता मेसेज बरोबर.

मेसेजमधलं पुढचं, मांजराचे केस माणसाच्या पोटात जाऊन गाठ होते? नाही. हायडॅटिड नावाची गाठ असते पण ती मुख्यतः कुत्र्याच्या शीतल्या जंताच्या अंड्यांमुळे होते, केसांचा संबंध नाही. दमा असलेल्यांना त्रास होऊ शकतो हे खरंय, पण तोही केसाने नाही, मांजराच्या लाळेतल्या आणि त्वचेतल्या प्रोटीनमुळे. घरात कुणाला दमा असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. पिल्लाला गाईचं दूध देऊ नका, जुलाब लागतात आणि एवढ्याशा जिवातलं पाणी भराभर कमी होतं. पोट टम्म दिसतंय म्हणजे पिल्लू गुटगुटीत असं नाही, बऱ्याचदा जंत असतात, व्हेट वजन बघून औषध देतात.

शेवटी लिहिलंय की घरातल्या मांजराला लस नको आणि पिल्लाच्या ओरखड्यावर हळद लावली की झालं. रेबीज मांजरांनाही होतो हो! पार्किंगमधलं पिल्लू चावलं, ओरबाडलं की साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, हळद-चुना काही नको. पिल्लाच्या लसी साधारण 6 ते 8 आठवड्यांपासून सुरू होतात, रेबीजची 3 महिन्यांनंतर. भाचीच्या पिल्लाला कॅट फ्लू निघाला, डोळ्यात थेंब चालू आहेत, बरं झालं की लस. तिच्या हातावर दोन ओरखडे होते, काल तिला पण इंजेक्शनला घेऊन गेले.