उंची वजा शंभर आणि आमची 'कुपोषित' भाची

रविवारी आत्याने घरच्या ग्रुपवर 'मुलांचं वजन किती हवं' असा एक फॉरवर्ड टाकला. संध्याकाळी रामबागेतल्या घरी गेलो तर आई माझ्या सहा वर्षांच्या भाचीच्या वरणभातावर तुपाची तिसरी पळी ओततेय. पोर मला विचारते, "मामा, मी कुपोषित आहे?"

फॉरवर्ड म्हणतो, बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) 18.5च्या खाली म्हणजे कुपोषण, 25पर्यंत उत्तम, वय कुठलंही असो. अहो, हे आकडे मोठ्यांचे! भाची 115 सेंटीमीटर, साडेवीस किलो, बीएमआय साडेपंधरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात सहा वर्षांच्या मुलींचा मधला आकडा 15.3 आहे, आणि जास्त वजन 17च्या पुढे धरतात. म्हणजे तूप ओतून 18.5 गाठलं, तर पोर जाड ठरेल.

पुढचा मुद्दा तर कहर. उंचीतून शंभर वजा करा, तेवढे किलो हवेत. म्हणजे भाचीला पंधरा. एकाच मेसेजमध्ये पोर आधी कुपोषित, मग साडेपाच किलो जास्त! आणि दोन वर्षांचं, 87 सेंटीमीटरचं बाळ? उणे 13 किलो. लिहिणाऱ्याने एकदा तरी वजाबाकी करून बघायची होती.

हसून सोडून दिलं असतं, पण आत्याचा नातू नुकताच दहाचा झालाय. 140 सेंटीमीटर, 44 किलो, बीएमआय 22.4. फॉरवर्डच्या हिशोबाने 'उत्तम'. संघटनेच्या तक्त्यात त्या वयाच्या मुलग्यांचा लठ्ठपणा 21.4च्या पुढे सुरू होतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे, आयएपीचे, 2015 सालचे 5 ते 18 वर्षांचे तक्ते आहेत. मुलांचे वेगळे, मुलींचे वेगळे. त्यातल्या जास्त वजनाच्या आणि लठ्ठपणाच्या रेघा अठराव्या वर्षी 23 आणि 27ला टेकतात, मोठ्यांच्या जागतिक आकड्यांसारख्या 25 आणि 30ला नाही. कारण आपल्या लोकांना मधुमेह कमी बीएमआयलाही गाठतो. हे तक्ते बालरोगतज्ज्ञांकडे मागा, वय महिन्यांसकट सांगा, बूट काढून मोजा.

'उंची वाढली की वजन आपोआप उतरतं' असंही फॉरवर्ड म्हणतो, यात थोडं तथ्य आहे, मान्य. काहींचं उतरतंही. पण बऱ्याच लठ्ठ मुलांचं वजन मोठेपणीही तसंच राहतं. त्यातल्याच प्रोटीन पावडरच्या सल्ल्यावर मी शब्द खर्च करणार नाही.

तूप एका पळीवर आलंय. आत्याकडे नातवाचा विषय कसा काढायचा, ते अजून सुचलेलं नाही. त्याच्यासमोर नको, एवढं नक्की.