खुलासा : दीक्षाभूमीच्या नावानं फिरणारा व्हिडिओ जुना आहे

गावच्या ग्रुपवर कालपासून एक व्हिडिओ फिरतोय. खाली लिहिलंय : ‘नागपूरच्या कस्तुरचंद पार्कात आज जाळपोळ, दीक्षाभूमीचा स्तूप पाडणार, दसऱ्याला कोणी जाऊ नका.’ हे साफ खोटं आहे.

व्हिडिओ नीट बघा. मागे स्तूपाचा पांढरा घुमट दिसतो. कस्तुरचंद पार्कात असा स्तूप नाही, तिथं मैदानात दगडी छत्री आहे. हे दृश्य दीक्षाभूमीचंच आहे, पण १ जुलै २०२४ चं. तिथं भूमिगत पार्किंगसाठी खोदकाम चाललं होतं. त्यानं स्तूपाला धोका पोचेल, या भीतीनं हजारो लोक जमले आणि संतापाच्या भरात बांधकामाचं साहित्य पेटवलं गेलं. स्तूप पाडायचं तेव्हाही कुणाच्या आराखड्यात नव्हतं. त्याच दिवशी तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत कामाला स्थगिती जाहीर केली. फिरवणाऱ्यांनी नेमकी हीच गोष्ट गाळली.

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथं धम्मदीक्षा दिली, त्या जागेबद्दल असं लिहून पाठवताना हात कसा धजावतो, याचा मला खरंच राग येतो. गावात म्हाताऱ्या बायका घाबरल्यात. सोयाबीनची कापणी आटोपून वर्षभर वाट पाहिलेली ही एक फेरी असते त्यांची.

धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी ज्यांनी गाडी ठरवली, त्यांनी या मेसेजपायी ती मोडू नये. ज्यांनी व्हिडिओ पुढं पाठवला, त्यांनी त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाकावा.