टेक्सासात जामीन बंद? कुणी सांगितलं?

सांगलीच्या आत्याकडे एक फॉरवर्ड आलाय: ‘टेक्सासात ४ नोव्हेंबर २०२५ च्या मतदानात प्रस्ताव ३ पास. आता कुणालाच जामीन नाही. व्हिसावरच्या भारतीयांना सिग्नल तोडला तरी थेट तुरुंग. मॅजिस्ट्रेटला कारणही द्यावं लागत नाही.’ तिचा मुलगा डॅलसला, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर. आत्यानं त्याला गाडी चालवायलाच बंदी केली आहे!

प्रस्ताव ३ म्हणजे काही गंभीर गुन्ह्यांत जामीन नाकारण्याबद्दलची टेक्सासच्या राज्यघटनेतली दुरुस्ती. ती पास झाली, साठ टक्क्यांहून जास्त मतांनी, एवढं खरं. पण व्हिसाची गोष्ट निव्वळ थाप आहे. तिचा मूळ ठराव एसजेआर ५, म्हणजे राज्याच्या सिनेटचा संयुक्त ठराव, काही लांबलचक नाही. त्यात नागरिकत्व, व्हिसा, परदेशी यातलं अक्षरही नाही. बेकायदा राहणाऱ्यांना काही गंभीर गुन्ह्यांत जामीन नाकारावा असा वेगळा ठराव, एसजेआर १, त्याच वर्षी आला होता. त्याला टेक्सासच्या प्रतिनिधिगृहात लागणारी दोन तृतीयांश, म्हणजे १५० पैकी १०० मतं मिळाली नाहीत, तो मतदारांपुढे गेलाच नाही. शिवाय एच-वन-बीवाला बेकायदा कसा? इमिग्रेशनवाल्यांनी धरणं हा केंद्राचा मामला, त्यांना टेक्सासच्या मतदारांची परवानगी लागत नाही. पडलेला ठराव उचलायचा, पास झालेल्याला चिकटवायचा, वर सिग्नलची फोडणी द्यायची आणि म्हाताऱ्या माणसांची झोप उडवायची!

सिग्नलचं म्हणाल तर जामीन नाकारता येईल अशा गुन्ह्यांच्या यादीत गुन्हे नऊच: खून, गंभीर अपहरण, शस्त्रानं लूट, लैंगिक अत्याचार, मानवी तस्करी या जातीचे. ‘कुणालाच नाही’ हेही खोटं. आरोपी पळून जाईल किंवा लोकांच्या जिवाला धोका आहे, हे सरकारी वकिलानं सुनावणीत दाखवायचं, आणि धोक्याचा मुद्दा असेल तर पुरावा भक्कम हवा. आरोपीला वकील मिळतो.

राहिलं कारणाचं. इथे मात्र, कबूल करणं जिवावर येतं, थोडं तथ्य आहे. दुरुस्ती लेखी कारणं मागते ती जामीन देणाऱ्या मॅजिस्ट्रेटकडे. नाकारणाऱ्यावर तशी अट घातलेली नाही. साक्षीदार उभा केलाच पाहिजे असंही नाही. सोडलं तर पानभर खुलासा लिहा, आत ठेवलं तर तेवढी डोकेदुखी नाही. प्रकरण काठावरचं असेल तेव्हा मॅजिस्ट्रेटचा कल कुठे जाईल हे सांगायला ज्योतिषी नको. त्यावर बोंब मारली असती तर मीही फॉरवर्ड केलं असतं.