काळजाला गप्प कसं बसवावं

प्राचीन इजिप्तमध्ये मरायचं ठरवलं असेल, तर घाई करू नका. मामला खर्चाचा आहे. पैसे जमेपर्यंत जिवंत राहिलेलंच बरं.

आधी देहाचं बघा. ममी बनवणाऱ्या कारागिराकडे गेलात की तो रंगवलेल्या लाकडी मढ्यांचे नमुने पुढे मांडतो, असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो. दर तीन. साडीच्या दुकानात करता तसं भारीतलं आधी बघून घ्या, मग ऐपतीवर या. भारीतल्यात नाकातून आकडी घालून मेंदू काढतात आणि टाकून देतात. पुढच्या जन्मात त्याचं काही काम नसतं. (या जन्मातही फारसं पडलं नसेल, तर हळहळ नको.) यकृत, फुप्फुसं, जठर, आतडी चार बरण्यांत. उरलेले तुम्ही खारात मुरता. सगळं मिळून 70 दिवस.

काळीज मात्र आतच ठेवतात, आणि गोची तिथेच आहे. मृतांचा देव ओसायरिस याच्या दरबारात ते तराजूत घालतात, समोरच्या पारड्यात सत्याची देवी मात हिचं पीस. आपल्याकडे वजन ठेवलं की काम होतं. तिथे वजन भरलं की संपलं. शेजारी अम्मित बसलेली असते: तोंड मगरीचं, पुढचं अंग सिंहाचं, मागचं पाणघोड्याचं. जड काळीज ती खाते. अपील नाही.

त्याआधी 42 देवांपुढे उभं राहून सांगायचं, चोरी केली नाही, मापात मारलं नाही, वाहतं पाणी अडवलं नाही. बेचाळीस वेळा 'नाही' म्हणणं तुम्हाला जड जाणार नाही. पण काळजाला सगळं ठाऊक असतं, आणि ऐनवेळी साक्षीदार फितूर झाला तर? त्याचीही सोय आहे. हिरव्या दगडाचा भुंगा छातीवर ठेवा. 'हे काळजा, माझ्याविरुद्ध साक्षीला उभं राहू नकोस' हे त्यावर कोरलेलं असतं. बाकीचे मंत्र तयार गुंडाळीत मिळतात, नावाची जागा कोरी सोडलेली. नाव भरा, पुण्यवान व्हा. अनी नावाच्या लेखनिकाची अशीच 24 मीटरची गुंडाळी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

परलोकातही शेती चुकत नाही. म्हणून शाब्ती न्या: हातभर नाहीत, वीतभर बाहुल्या. कामाला हाक आली की तुमच्याऐवजी त्या 'आलो' म्हणतात. विशीही न गाठलेल्या तुतनखामुन राजाने 413 नेल्या. वर्षाच्या दिवसांना एकेक अशा 365, दर दहांमागे एक मुकादम म्हणून 36, आणि महिन्याला एक असे वरचे 12. बाहुल्यांवरही मुकादम लागतो, हे ज्याला सुचलं त्याने शेतावर मजूर नक्की लावले असणार.

राहता राहिलं थडगं. ते मजबूत बांधा, आणि पाथरवटाला मजुरी वेळेवर द्या. नवव्या रामसेस राजाच्या काळात अमेनपनुफेर नावाच्या पाथरवटाने साथीदारांसह सोबेकेमसाफ राजाचं थडगं फोडलं, सोनं ओरबाडलं आणि शवपेट्या पेटवून दिल्या. पकडला गेला. त्याने आपल्या वाट्याचं 20 देबेन सोनं, म्हणजे पावणेदोन किलोहून जास्त, तिथल्या लेखनिकाच्या हातावर ठेवलं आणि सुटला. परत गेला तेव्हा साथीदारांनी त्याला नव्याने वाटा काढून दिला. हे सगळं त्याच्याच जबानीत आहे.