हिरवा रंग फासला की झाली युद्धातली जीप!

परत तेच! ‘अस्सल १९४३ ची विलीज जीप, दुसऱ्या महायुद्धावरून आलेली,’ असं विकणारा छातीठोकपणे सांगतो आणि समोर उभी असते सिव्हिलियन सीजे-२ए, म्हणजे युद्धानंतर सर्वसामान्यांसाठी काढलेली जीप. अहो, युद्धातल्या एमबीला, म्हणजे विलीजच्या लष्करी मॉडेलला, मागे उघडणारं फळकं नव्हतंच, तिथे स्टेपनी असायची! समोरच्या जाळीच्या फटी तरी मोजा. एमबीला ९, सीजेला ७. एमबीचा हेडलाइट सोडवून उलटा फिरवला की थेट इंजिनावर उजेड पडतो, रात्री काम करता यावं म्हणून. इथे मी तो हलवायला गेलो तर हा माणूस माझ्यावरच खेकसला!

दुसरा ‘फोर्डची जीपीडब्ल्यू’ (तीच युद्धातली जीप, पण फोर्डने बनवलेली) म्हणून गळ्यात मारत होता. तिच्या बोल्टच्या डोक्यावरसुद्धा फोर्डचा ‘एफ’ कोरलेला असतो. इथे एकावरही नाही. तर म्हणे, ‘आधीच्या मालकाने बदलले असतील.’ सगळे? चॅसिसवरच्या खुणांसकट?

बॉनेटवर अमेरिकी लष्कराचा पांढरा तारा रंगवला की यांचं काम झालं. किंमत मात्र खरोखर लढून आल्यासारखी. सीजे वाईट गाडी नाही हो, आनंदाने घेईन. पण सीजेच्या भावात!