मुरघासात कल्चर टाकलं तरी चारा दाबावाच लागतो

मुरघास म्हणजे हिरव्या चाऱ्याची कुट्टी, म्हणजे बारीक तुकडे, हवाबंद आंबवून टिकवलेला चारा. पावसाळा सरत आला की दूधवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर हा मेसेज पुन्हा फिरू लागतो: “आता मुरघासाला कुट्टी नको, तुडवणं नको. कोणताही चारा, कितीही ओला असू द्या, ड्रममध्ये भरा, वरून जिवाणू कल्चर शिंपडा, ४ दिवसांत तयार. कल्चर नसेल तर ताक-गूळ चालतं. दूध ३ लिटरनं वाढतं, ढेप बंद करा. बुरशी आली तर पुन्हा कल्चर मारा.”

कल्चर, म्हणजे चारा आंबवणाऱ्या जिवाणूंचं पाकीट, उपयोगी आहे, एवढं यात खरं. पण मेसेज वाचून कोणी तीन-चार जनावरांसाठी ५ टन चारा असा भरला आणि तो सडला, तर एप्रिल-मे मध्ये त्या घराला कुटारसुद्धा, म्हणजे मळणीनंतरचा सुका भुसाही, विकत घ्यावं लागेल. विदर्भात त्या दोन महिन्यांत हिरवं काही हाताशी नसतं. म्हणून यातला एकेक दावा तपासून पाहू.

“तुडवणं नको”

सगळ्यात महागात पडणारा दावा हाच. कापलेला चारा लगेच मरत नाही. आत हवा आहे तोवर त्याच्या पेशी श्वास घेत राहतात, साखर जाळतात आणि चारा तापतो. त्याच हवेवर यीस्ट आणि बुरशीही वाढतात. कल्चरमधले लॅक्टिक जिवाणू त्याच साखरेचं लॅक्टिक आम्ल करून चाऱ्याचा सामू (pH, जितका कमी तितका चारा आंबट) ४ च्या आसपास आणतात, आणि चारा टिकतो तो या आम्लामुळे. साखर आधीच जळून गेली तर जिवाणू आम्ल कशाचं करणार? कुट्टीतली हवा बाहेर काढणं त्यांच्या हातात नाही. ते काम पायांचं किंवा ट्रॅक्टरच्या चाकांचं.

दाब पुरेसा बसला की नाही, हे वजनकाटा सांगतो. चांगल्या दाबलेल्या मक्याच्या मुरघासाचं वजन घनमीटरला ६५० किलोच्या आसपास भरतं. म्हणजे २०० लिटरच्या निळ्या ड्रममध्ये साधारण १३० किलो माल बसला पाहिजे. ८०-९० किलोतच ड्रम गच्च दिसत असेल तर आत पोकळ्या आहेत, आणि सड तिथूनच सुरू होईल. कुट्टी १ ते २ सेंटिमीटरची हवी. लांब धांडे दबत नाहीत, शिवाय जनावर पानं खाऊन धांडे गव्हाणीत टाकून देतं. १५ सेंटिमीटरचा थर टाकायचा, तुडवायचा, मगच पुढचा टाकायचा. ड्रमच्या आणि खड्ड्याच्या कडांना जास्त वेळ द्या, कारण मधे सगळेच तुडवतात आणि कडा सुटतात. भरण शक्यतो एका दिवसात संपवून त्याच संध्याकाळी प्लास्टिकची पन्नी लावायची, वर मातीच्या गोण्या एकमेकींना लागून ठेवायच्या. मुरघास बॅगेत भरला असेल तर तिला उंदरानं पाडलेलं बोटभर छिद्रही पुरे होतं. दर आठवड्याला बॅगेभोवती फिरून छिद्र दिसलं की चिकटपट्टी मारा.

चारा आम्लानं टिकतो याचा जुना दाखला आहे: फिनलंडचे शास्त्रज्ञ व्हिर्तानेन यांना १९४५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात त्यांच्या चारा टिकवण्याच्या पद्धतीचा खास उल्लेख होता. जिवाणूंची वाट न बघता ते चाऱ्यावर थेट आम्ल टाकून सामू ४ च्या खाली आणत. त्यांची वाट वेगळी होती, पण तीही आम्लाचीच होती.

“कितीही ओला चारा चालतो”

चारा ६५ ते ७० टक्के ओलीचा हवा, आणि ती मोजायला यंत्र लागत नाही. कुट्टीची मूठ अर्धा मिनिट घट्ट आवळून सोडा. बोटांतून रस ठिबकला आणि गोळा तसाच राहिला तर ओल ७५ च्या वर आहे. गोळा हळूहळू उमलला आणि तळहात नुसता ओलसर झाला तर माल बरोबर आहे. मूठ सोडताच भुगा पडला तर चारा वाळून गेला, तो आता दबणार नाही. मक्याचं कणीस सोलून दाणा नखानं दाबा: पातळ दूध उडालं तर थांबा, दाणा कणकेसारखा मऊ झाला की कापा.

जास्त ओल्या चाऱ्यात क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू वरचढ होतात. त्यांना हवा लागत नाही, त्यामुळे दाब देऊनही ते अडत नाहीत. ते तयार झालेलं लॅक्टिक आम्लच खातात आणि त्याचं ब्युटिरिक आम्ल करतात. झाकण उघडलं की खवट तुपासारखी वांती आणणारी घाण येते, ती याचीच. मेसेज मानून पाण्यानं निथळणारा चारा भरला तर कल्चर टाकूनही बहुधा हेच हाती येतं, आणि गोड पोषण रसाबरोबर तळाशी वाहून जातं ते वेगळंच.

खरिपाचा मका आपल्याकडे ऐन पावसात कापणीला येतो, त्यामुळे ही अडचण खरी आहे. त्यावर इलाज घरातच आहे: सोयाबीनचं किंवा हरभऱ्याचं बारीक कुटार. चाऱ्यात ८० टक्के ओल असेल तर ती ७० वर आणायला टनाला सुमारे १६५ किलो सुकं कुटार लागतं. ७५ टक्के असेल तर ८०-८५ किलो पुरतं. ते थराथरात सारखं मिसळायचं, तळाशी नुसतं पसरून भागत नाही. यानं मुरघासातली ऊर्जा थोडी उतरते, पण सडण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

नेपियरचं गणित आणखी वेगळं आहे. त्यात ओल जास्त आणि साखर कमी. अर्धा-एक दिवस वावरातच सुकवा, टनाला २० ते ३० किलो गूळ थोड्या पाण्यात विरघळवून द्या, मग कल्चर. सुक्या कडब्यावर मात्र कल्चर वाया जातं, कारण त्यात ना ओल, ना पुरेशी साखर. कडब्याला युरिया प्रक्रिया आहे: १०० किलोला ४ किलो युरिया ४०-५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून सारखा फवारायचा आणि ३ आठवडे झाकून ठेवायचा. तिथं काम युरियातून निघणाऱ्या अमोनियाचं असतं, आम्लाचं नाही, म्हणून त्यात कल्चर मिसळू नका.

“वरून शिंपडा”

हे जिवाणू चालत नाहीत. वरच्या थरावर टाकलेले वरच राहतात. फवारा कुट्टी यंत्राच्या तोंडाशी किंवा प्रत्येक थरावर, टनाला २ ते ४ लिटर पाण्यातून द्यायचा.

मात्रेचा हिशेब पाकिटावर छापलेला असतो, पण तो कोणी वाचत नाही. चाऱ्याच्या दर ग्रॅमला १ लाख जिवंत जिवाणू हवेत. टनाला झाले १०० अब्ज. पाकिटावर ग्रॅमला १०० अब्ज लिहिलं असेल तर टनाला १ ग्रॅम पुरे, १ अब्ज असेल तर १०० ग्रॅम, १० कोटी असेल तर अख्खा १ किलो. ज्या पाकिटावर जिवाणूंचं नाव, संख्या आणि मुदत यांपैकी काहीच नाही ते घेऊ नका.

हे जिवाणू जिवंत असतात आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. दुकानात उन्हात ठेवलेलं पाकीट मेलेलं असू शकतं. फ्रीजमधलं मागा, घरीही फ्रीजमध्येच ठेवा, विरघळवलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा. पाणी विहिरीचं किंवा बोअरचं वापरा. नळाच्या पाण्यात ग्रामपंचायतीनं टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकलेली असते आणि त्यातलं क्लोरीन याच जिवाणूंना मारतं; नळाचंच वापरायचं असेल तर रुंद घमेल्यात रात्रभर उघडं ठेवा. आणि कपाशीवर औषध फवारलेला पंप, कितीही धुतला तरी, या कामाला घेऊ नका. ते औषध जनावराच्या पोटात जातं. मुरघासासाठी पंप वेगळा ठेवा.

“ताक-गूळ म्हणजे घरचं कल्चर”

ताकातले जिवाणू दुधातल्या साखरेवर पोसलेले असतात. मुरघासासाठी निवडलेले, प्लांटारमसारखे, झाडपाल्यावरचे असतात आणि ताकातल्यांपेक्षा जास्त आम्ल सोसतात. घरच्या ताकात यीस्टही असतं, आणि मुरघास उघडल्यावर तो पहिल्यांदा तापवतं ते यीस्टच. गूळ हे जिवाणूंचं खाद्य आहे, ज्या चाऱ्यात साखर कमी त्याला तो द्या. योग्य वेळी कापलेल्या मक्यात साखर भरपूर असते, तिथं गुळावर पैसे घालू नका. असा मका नीट दाबला तर त्याच्या पानांवरच्या जिवाणूंनीही मुरघास चांगला होतो. पदरी पैसे कमी असतील तर आधी पन्नी चांगली घ्या, कल्चर नंतर.

“४ दिवसांत तयार”

४ दिवसांत सामू बराच उतरतो, हे खरं. पण आंबवण स्थिरावायला ३ आठवडे लागतात, आणि ४५ दिवस ठेवणं शहाणपणाचं. बुकनेरी जातीचं कल्चर असेल तर ६० दिवस, कारण ते लॅक्टिक आम्लातून हळूहळू ॲसिटिक आम्ल करतं आणि उघडल्यावर यीस्टला तेच रोखतं. उन्हाळ्यात खायला घालायच्या मुरघासाला म्हणून बुकनेरी जास्त उपयोगी.

घाईत जीवाचाही धोका आहे. पहिल्या ३ आठवड्यांत खड्ड्यात पिवळसर-तपकिरी, ब्लीचिंगसारख्या वासाचा विषारी वायू साचू शकतो. ताण बसलेल्या ज्वारी-मक्यात नायट्रेट जास्त असतं, त्यापासून तो बनतो. हवेपेक्षा जड असल्यानं तो तळाशी बसतो. या काळात कोणालाही खोल खड्ड्यात उतरू देऊ नका, लेकरांना तर जवळही फिरकू देऊ नका. अवर्षणानंतर पाऊस पडला की ४-५ दिवस कापणी थांबवा आणि बुडखा वीतभर वर सोडून कापा, कारण नायट्रेट खालच्या धांड्यात जास्त असतं.

“दूध ३ लिटरनं वाढतं, ढेप बंद करा”

कल्चरनं चाऱ्याची नासाडी २-३ टक्क्यांनी कमी होते. दुधात फरक पडला तरी अर्ध्या लिटरच्या आत. सुक्या कडब्यावरून मुरघासावर आलेली म्हैस जास्त दूध देते ते चारा चांगला मिळाल्यामुळे. प्रथिनांचं बघा: २० किलो मक्याच्या मुरघासातून अर्ध्या किलोच्या जवळपास प्रथिनं मिळतात, आणि १० लिटर देणाऱ्या ४०० किलोच्या गायीला सव्वा किलोच्या आसपास लागतात. सरकी ढेपेत (पेंडीत) २२ टक्के प्रथिनं धरली तर ३ किलो ढेपेतून साडेसहाशे ग्रॅम येतात. ती बंद केलीत तर गाय आठवडाभर अंगावरचं झिजवून दूध देईल, मग आटेल.

“बुरशी आली तर पुन्हा कल्चर मारा”

बुरशीचं विष, अफलाटॉक्सिन, कल्चरनं जात नाही. गायीच्या पोटातून ते वेगळ्या रूपात दुधात उतरतं आणि दूध उकळूनही टिकतं. ते दूध आपलीच लेकरं पितात. शिवाय नीट न आंबलेल्या मुरघासात लिस्टेरिया हा रोगजंतू वाढतो. त्यानं शेळ्या एकाच बाजूला गोल फिरू लागतात, गाभण जनावरं गाभडतात.

बुरशी येते ती बहुतेक वेळा उघडल्यावर, कारण आपण हळू वापरतो. चार जनावरांना रोज ७०-७२ किलो लागतो. उघडलेल्या तोंडाचा पूर्ण थर रोज किमान १५ सेंटिमीटर निघायला हवा, म्हणजे तोंड पाऊण चौरस मीटरपेक्षा मोठं नको. एवढ्या गोठ्याला ५०० किलोची बॅग आठवड्यात संपते, १ टनाची पंधरा दिवस उघडी राहते. मे महिन्यात छोटीच बॅग घ्या. सकाळी तोंडावरचा मुरघास काढून हात आत मनगटापर्यंत घाला. ऊब लागली किंवा वाफ आली तर यीस्ट जागं झालंय, वापर वाढवा.

बुरशीचा पट्टा दिसला तर त्याच्या भोवतालचा चांगला दिसणारा भागही वीतभर काढून टाका. आतला पिवळट-हिरवा, आंबूस गोड वासाचा असेल तरच घाला, आणि गाभण जनावरांना व शेळ्यांना त्या बॅगेतला अजिबात नको. काढलेला माल उकिरड्यावर उघडा टाकला तर मोकाट गुरं खातात. खताच्या खड्ड्यात टाकून वर माती ओढा.